तो जर्मन म्हातारा गेला की राहिला

शांते,

इथल्या मराठी मंडळाचे लोक येऊन गेले. तिघं होते, तिघांच्याही अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. इथे शारजात, अल मजाजला, पार्किंग मिळत नाही हे सांगण्यात त्यांचा बराच वेळ गेला. मग म्हणाले, "काका, अंकासाठी काकूंवर दोन पानं लिहून द्या. चार चांगले शब्द." मी म्हटलं, चांगले शब्द तुम्ही परवाच्या शोकसभेत संपवलेत. माऊली काय, त्यागमूर्ती काय, अन्नपूर्णा काय. माइक धरून रडणारी ती बाई तुला सरितावहिनी, सरितावहिनी म्हणत होती. सरिता खालच्या मजल्यावर राहते, जिवंत आहे आणि समोरच्याच रांगेत बसलीय, हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. सरिता बिचारी खाली मान घालून बसली होती. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. मी हसलो नाही. तुझ्यासारखं कशावरही हसायला मला येत नाही.

तर आता लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाने लिहावं तसं लिहितो. पल्लवी टाइप करणार आहे आणि मधले वाईट शब्द गाळणार आहे, असं आपल्या या सूनबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. म्हटलं, गाळ. जे उरेल ते तुझ्या सासूचं.

तू गेल्यापासून निलेश मला एकच प्रश्न विचारतोय. हातात मोबाइल, मान खाली. "बाबा, तिकीट. रिटर्न काढू की वन-वे?" चहात साखर घालू का, इतक्या सहज विचारतो. तुझ्या अस्थी घेऊन मला संगमेश्वरला जायचंय. अस्थी घरात ठेवू नयेत म्हणून कलश बाल्कनीत ठेवलाय, एसीच्या बाहेरच्या डब्यावर. पंडितजींनी मुंबईहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तिथे चालेल. तो डबा गरम वारा ओकत असतो. इथला उन्हाळा तुला जन्मभर सोसला नाही, आणि शेवटी तुला ठेवली कुठे, तर तिथे. मी रोज ओला फडका घालतो कलशावर. पल्लवी बघते.

नदीवरचं सगळं उरकलं की पुढे काय, हा खरा प्रश्न. गावच्या घरात राहायचं, की परत येऊन या टॉवरमध्ये निलेशच्या व्हिसावर बसायचं? सहा महिने बाहेर राहिलो की व्हिसा खलास. तेव्हा आत्ताच ठरवा म्हणतो. तुझं म्हणणं मला माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये नळ्या लावलेल्या असतानाही तू तेच बोलत होतीस. "पोराकडे राहा. गावाला तुम्हांला कोण करून घालणार? चहासुद्धा येत नाही." मी म्हटलं, चहा येतो. तू म्हणालीस, "ते गरम पाणी असतं." मी उत्तर देणार तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं, आणि मग तू उत्तर ऐकायला थांबलीच नाहीस. भांडण अर्धं टाकून उठायची तुझी जुनी खोड. भाकरी तव्यावर आहे म्हणायचीस आणि जायचीस. या वेळी कुठली भाकरी होती?

हे भांडण आपलं काल-परवाचं नाही. ते त्या जर्मन सिनेमापासूनचं आहे. लोकांना कळावं म्हणून सांगतो, तुला माहीतच आहे.

तू जुमेराला जर्मन इंजिनियरच्या बंगल्यात कामाला होतीस आणि मी सोनापूरच्या लेबर कॅम्पात. सोनापूर म्हणजे मुंबईच्या माणसाला मसणवट आठवते. इथेही फार फरक नव्हता, फक्त मेलेले सकाळी पाचला बसमध्ये चढून कामावर जायचे. आपला निलेश संगमेश्वरला माझ्या आईकडे. नवरा एका गावाला, बायको दुसऱ्या टोकाला, पोर समुद्रापलीकडे, आणि फॉर्मवर लिहायचं फॅमिली. शुक्रवारी मी बस बदलत बदलत यायचो. तुझी मॅडम मला स्वयंपाकघरात बसू द्यायची. माणूस वाईट नव्हती. पण दया दाखवणारं माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.

त्यांच्या नाताळात ते झाड उभं करायचे, दिवे लावायचे आणि सगळे मिळून एक सिनेमा बघायचे. दर वर्षी तोच. काळा-पांढरा, जुना, जर्मन भाषेतला. मॅडमच्या भावाने तिकडे टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून पाठवला होता. एका वर्षी मॅडमने मला बोलावलं, "कम, कम, फॅमिली, फनी!" म्हणून मी गालिच्याच्या कडेला बसलो. तू सोफ्याच्या मागे ट्रे धरून उभी.

काय तो सिनेमा! एक घर. घरात टाय बांधलेला एक हडकुळा नवरा, त्याची ढोल बायको, तिच्या हातात कायम लाकडी डाव. जुळी कारटी, ती सारखी कुणाचा तरी बूट पळवणार. आणि चुलीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा, हॅट घालून, घरातसुद्धा. कोणी पडलं की हसायचं, सूप सांडलं की हसायचं, कारट्यांनी म्हाताऱ्याची कवळी फुलदाणीत टाकली की तर बंगला डोक्यावर घ्यायचा. माझ्या गावचे दशावतारी दारू पिऊन उभे राहिले तरी यापेक्षा बरी गंमत करतात. भाषा आपल्याला दोघांनाही येत नव्हती. तरी तू हसत होतीस. ट्रेवरचे ग्लास किणकिणत होते इतकी हसत होतीस.

मागाहून स्वयंपाकघरात मी तुला म्हटलं, "पोरगं तिकडे म्हातारीकडे टाकलंय आणि तू इथे दुसऱ्याच्या फॅमिलीवर दात काढतेस?"

तू हात पुसत म्हणालीस, "रडून बघितलं. पोर येत नाही."

एवढंच. आणि माझ्यापुढे मॅडमचा केक ठेवलास. मी खाल्ला नाही. दोन्ही तुकडे तूच खाल्लेस.

भांडण झालं ते पुढे. सिनेमाच्या शेवटी तो म्हातारा चिडतो, आपली ट्रंक भरायला काढतो. तो कपडे भरतो, ढोल बाई काढते. तो पुन्हा भरतो, जुळी पोरं काढतात. तो हॅट भरतो आणि मग डोक्यावर हॅट नाही म्हणून शोधत बसतो. शेवटी ट्रंक उचलून दारात येतो. सगळं घर जिन्यावर उभं, सगळे रडताहेत. म्हातारा उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. आणि तिथे कॅसेट संपायची. मॅडमच्या भावाची टेप तेवढीच होती. त्यांना शेवट पाठ होता, म्हणून ते टाळ्या वाजवून जेवायला उठायचे. आपण दोघं राहायचो तिथेच.

तू म्हणालीस, "तो जात नाही. सून रडतेय बघा कशी."

मी म्हटलं, "जातो. पाठीचा कणा असलेला माणूस आहे. सुनेच्या रडण्यावर राहिला तर काय इज्जत राहिली?"

"सून त्याला सगळ्यांच्या आधी वाढते. टाकायचा असता तर आधी वाढलं असतं का?"

"आधी वाढून मागून डाव आपटते, ते नाही दिसलं?"

तू मॅडमला विचारलंस. तुझं इंग्लिश सॉल्ट आणि लाँड्री एवढंच, तिचं तुझ्याहून थोडं बरं. तू दाराकडे बोट दाखवून विचारलंस, "ओल्ड मॅन गो? नो गो?" तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "यस, यस!" असल्या बाईकडून काय कळणार?

ते लोक देश सोडून गेले तेव्हा मॅडमने तुला कॅसेट दिली. सोन्याची बांगडी दिली असती तर इतकी जपली नसतीस. आपण गावी परत गेलो, मुंबईहून सेकंडहँड प्लेयर आणलास आणि गणपतीत, आरती झाल्यावर, सगळ्या वाडीला तो जर्मन पिच्चर दाखवलास. उकडीचे मोदक खात लोक त्या ढोल बाईचे हाल बघत होते. आणि तू उभी राहून सांगत होतीस, हा सासरा, ही सून, हा थोरला, ही नातवंडं. ती वरच्या मजल्यावरची भांडखोर शेजारीण. कारण दर थोड्या वेळाने म्हातारा छत्रीच्या टोकाने छत ठोकायचा आणि वरून कोणीतरी झाडूने जमीन आपटायचं. आपल्या वाडीला ते बरोबर कळलं. पाटलांचं आणि आमचं असंच चालतं, म्हणाले. बायका तुझ्या बाजूला गेल्या, म्हातारा राहतो म्हणून. पुरुष माझ्या बाजूला, गेलाच पाहिजे म्हणून. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "मेल्याला जेवून जायला सांगा."

मग निलेश शिकला, शारजात लागला, आपल्याला इथे आणलं. नोकरीच्या काळात बत्तीस भाषांतून शिव्या खाल्ल्या, पण तेव्हा निदान माझी टूलबॉक्स होती, हमरिया बंदरातल्या यार्डात माझ्या नावाचं हेल्मेट होतं. इथे काय आहे? लिफ्ट, एसी, आणि खाली खालिद लगूनच्या कडेला बाक. त्या बाकांवर माझ्यासारखे बसलेले असतात. केरळचा, लाहोरचा, हैदराबादचा. सगळे पोरांच्या व्हिसावर. सगळे सांगतात, पोरगा फार करतो हो. एकमेकांकडे न बघता सांगतात. मला त्यांची कीव येत नाही, राग येतो. संध्याकाळी सहाला सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, सगळे उठतात आणि पोलिओचा डोस द्यायला नेलेल्या पोरांसारखे आपापल्या टॉवरकडे चालू लागतात.

तुला मात्र ते आवडायचं. तू कुठेही गेलीस की आठवड्याभरात तुझं दुकान मांडलेलं असायचं. सरिताला घावणे शिकव, वॉचमनला ताक दे, त्या सुदानी बाईशी हातवाऱ्यांनी गप्पा मार. मी म्हणायचो, "आपण इथे पाहुणे आहोत, शांते. पाहुण्याने पसारा मांडू नये." तू म्हणायचीस, "पाहुणे तुम्ही. मी तर माझ्या पोराकडे आलेय." आणि लगेच, "तो म्हातारा गेला नाही. मी सांगते, तो गेला नाही." लगूनच्या कडेने चालताना, दाबल्या आवाजात, जशी काही भाजी महाग झाल्याची गोष्ट. मी म्हणायचो, "गेला. स्टेशनवर पोचलासुद्धा." लोक मागे वळून बघायचे. त्यांना वाटायचं, कुणाच्या तरी मयताबद्दल बोलताहेत.

मला गावी जायचं होतं, तुला राहायचं होतं, आणि ते सरळ बोलायची आपल्यात दोघांतही धमक नव्हती. म्हणून त्या जर्मनाला मधे घेतलं होतं. हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तुलाही कळत होतं. पण सरळ बोलणारे नवराबायको मी तरी कुठे बघितले नाहीत. टीव्हीवर बघितलेत, ते घटस्फोट घेतात.

आता कालचं सांगतो. पल्लवी तुझं कपाट आवरत होती. कॅसेट निघाली, निळ्या साडीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. पल्लवी म्हणाली, "बाबा, हे ठेवायचं का?" मी म्हटलं, "टाक." तेवढ्यात तुझी नात आली. ईरा. चौदा वर्षांची घोडी, मराठीत विचारलं की निम्मं इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली. "व्हॉट इज धिस, आजोबा? इट्स सो हेवी!" मग मॅडमच्या हातचं लेबल वाचलं आणि फोनवर टाइप केलं. माझा चहा अर्धा व्हायच्या आत म्हणाली, "फाउंड इट. फुल मूव्ही. विथ सबटायटल्स."

मी विचारलं, सबटायटल्स म्हणजे काय.

"ते काय बोलतात ते खाली इंग्लिशमध्ये येतं. मी सांगू तुम्हांला?"

शांते, खरं सांगतो, मला तो फोन हिसकावून लगूनमध्ये फेकावासा वाटला. इतकी वर्षं आपण दोघांनी मिळून जे वाढवलं, ते ही कार्टी चहाच्या एका कपात संपवणार. पण दुसरीकडे मनात आलं, होऊन जाऊ दे. माझं खरं निघालं तर वन-वे काढतो आणि तुझ्या कलशाला ऐकवत ऐकवत जातो.

म्हटलं, "लाव."

टीव्हीवर लावलं. पहिल्या दहा मिनिटांत तुझी आणि माझी दोघांची अब्रू गेली.

ईरा म्हणाली, "आजोबा, धिस ओल्ड मॅन इज नॉट देअर फादर."

"म्हणजे?"

"ही इज द टेनंट. भाडेकरू! एक रूम रेंटवर घेतलीय त्याने."

मी म्हटलं, नीट वाच. ती म्हणाली, नीटच वाचतेय. महिन्याच्या महिन्याला म्हातारा टेबलावर पाकीट ठेवायचा ना, आणि तू वाडीला सांगायचीस, बघा, सासरा पेन्शन घरात देतो, शिका काहीतरी? ते भाडं होतं. भाडं वेळेवर देतो म्हणून ढोल बाई त्याला आधी वाढायची. चुलीजवळच्या खुर्चीचे वेगळे पैसे होते म्हणे. आपण काय केलं, एक म्हातारा बघितला, त्याला आधी वाढलेलं बघितलं आणि ठरवून टाकलं की हा बाप. आपल्याकडे आधी कोणाला वाढतात? देवाला, मग घरच्या म्हाताऱ्याला. भाडेकरूला आधी वाढतात हे आपल्या सात पिढ्यांत कोणाला सुचलं नसतं. आणि आपण त्याची सून, थोरला, नातवंडं सगळी जमवून दिली. वाडीभर. आरतीनंतर.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "बंद कर. फालतू आहे." 

तर पोरगी रडायला लागली. तुझ्यासाठी रडली असेल, मला वाटतं. तू गेल्यापासून ती रडली नव्हती. दार लावून बसायची आणि कानात ती बोंडं घालायची, मला वाटलं, असल्या पोरांना काय. नाक पुसत म्हणाली, "त्यांचा तो कोणीच नाही, आजोबा. तरी ते त्याची बॅग उघडतात. एव्हरी टाइम. लूक." आणि पुन्हा मागे नेऊन दाखवलं. तो भरतोय, ते काढताहेत. तो भरतोय, ते काढताहेत.

सिनेमा फालतूच आहे. पण पुन्हा बंद कर म्हणालो नाही.

मग शेवट आला. म्हातारा दारात, ट्रंक हातात, एक पाय आत, एक बाहेर. कॅसेट संपायची ती जागा आली आणि सिनेमा पुढे चालू राहिला. इतकी वर्षं तिथे अंधार व्हायचा, शांते. तिथे पुढे जिना आहे. भिंतीवर एक घड्याळ आहे. साधं घड्याळ, पण मला कसंतरीच झालं. तू ते बघितलं नाहीस.

म्हातारा दुसरा पाय बाहेर टाकतो. सगळे हुंदके देतात. आणि तो हरामखोर, पल्लवी, हा शब्द राहू दे, तो जिना उतरतच नाही. चढतो. एक मजला वर जातो, दार ठोठावतो. वरची ती बाई, झाडू आपटणारी, दार उघडते. फुलं लावलेली टोपी घालून. दोघं लग्न करणार असतात! ते छत्रीने ठोकणं, झाडूने आपटणं, आपण समजलो भांडण. ईरा म्हणाली, "दॅट वॉज देअर रोमान्स, आजोबा!" खालचे सगळे तोंड वासून वर बघतात, ढोल बाईच्या हातून डाव पडतो आणि सिनेमा संपतो. एका मजल्यासाठी एवढा तमाशा. असल्या जातीने मोटारी कशा बनवल्या मला कळत नाही.

मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "गेला! बघितलंस? मी काय म्हणत होतो? गेला."

आणि आता ऐक, तुझी नात काय म्हणाली. डोळ्यांतलं पाणी अजून सुकलं नव्हतं.

"नो, आजोबा. आजी वॉज राइट. सेम बिल्डिंग! ही नेव्हर लेफ्ट."

तुला हा वाद कोणी सांगितला, मी विचारलं. म्हणाली, आजीने. प्रत्येक वेळी वेणी घालताना सांगायची, सिनेमा न दाखवताच. म्हणजे तू इथे बसून माझ्या पाठीमागे माणसं फोडत होतीस.

मी म्हटलं, "ट्रंक घेऊन उंबरा ओलांडला की माणूस गेला. मग तो वर जाऊ दे नाहीतर खाली."

"पण तो रोज खाली येणार ना, सूप प्यायला!"

"ती बायको कशाला केली मग? ती सूप देणार नाही?"

"तिला बघा ना! शी कान्ट कुक. तिच्या घरात किचनच दाखवलं नाही."

"दाखवलं नाही म्हणजे नाही असं होत नाही!"

"आजोबा, यू आर सो स्टबर्न! उंबरा वगैरे फ्लॅटला नसतोच!"

"नसतो तेच तर म्हणतोय! म्हणून तर तुमच्या या फ्लॅटात कोण आलं आणि कोण गेलं ते कळत नाही!"

आम्ही ओरडत होतो. दोघंही उभे होतो. पल्लवी हातात पोळपाट घेऊन आली आणि तिथेच थांबली. तू गेल्यापासून या घरात सगळे मोज्यांवर चालल्यासारखे चालत होते, भांडंसुद्धा वाजत नव्हतं. निलेश खोलीतून धावत आला. त्याला वाटलं, मला काही झालं.

"काय चाललंय, बाबा?"

"तुझ्या पोरीला बोलायची रीत नाही," मी म्हटलं.

"आजोबांना हरायची रीत नाही," ती म्हणाली. मराठीत. सबंध वाक्य, बापासमोर. निलेश तिच्याकडे बघतच राहिला.

मग त्याने खिशातून फोन काढला, आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. आवाज खाली करून म्हणाला, "बाबा, ते तिकीट. आज काढावंच लागेल."

शांते, माझं उत्तर तयार होतं. सिनेमात माझं खरं झालं होतं, तुझी नात काहीही म्हणो. वन-वे म्हणायला मी तोंड उघडलं. पोरगी समोर उभी, हाताची घडी घालून, हनुवटी वर. ती हनुवटी मला नवीन नाही. ती माझ्या डोक्याच्या मागे बघत होती, मी काय बोलणार याची तिला काही पडलेलीच नाही असं दाखवत. पण पायाचा अंगठा गालिच्यात रुतवत होती.

मी म्हटलं, "रिटर्न काढ."

निलेश म्हणाला, "नक्की? म्हणजे, महिन्याची काढू की..."

"यल्ला, चल, काढ म्हटलं ना. हिला अजून उत्तर द्यायचंय."

पोरगी म्हणाली, "ओके. बट यू आर स्टिल राँग." आणि खोलीत गेली. दार लावलं नाही.

हे वाचून तिकडे हसू नकोस. तू जिंकलीस असं अजिबात नाही. तुझ्या पोराच्या प्रेमाने मी येत नाहीये, तो अजून माझ्याशी बोलताना मोबाइलकडे बघतो. चहा मला इथेही मनासारखा मिळत नाही. पल्लवी त्याला ग्रीन टी म्हणते. बाकावरच्या त्या म्हाताऱ्यांतही मी बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जर्मन म्हाताऱ्याचं म्हणशील तर तो गेला. माझ्या मते गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक जिना चढला याला गेला म्हणत नाहीत. आणि मी म्हटलं असतं, मग कशाला म्हणतात. आणि तू म्हणाली असतीस, भाकरी तव्यावर आहे.

तुझी बाजू लढवायला तू एक ठेवून गेलीस, बरं केलंस. मला एकट्याने भांडता येत नाही.